डोळे मिटून वाजवणारा माणूस

जॅझ ऐकणारा माणूस जगाच्या पाठीवर कुठेही एकटा पडत नाही, असं नंदकिशोर पांढरीपांडेचं ठाम मत होतं. घाटंजीत हे मत ऐकून घ्यायला एकटी त्याची बायको होती, आणि ती त्या वेळी तुरीच्या डाळीतले खडे निवडत होती.

"रत्ना, ऐकलं का?"

"ऐकलं. तुम्ही एकटे नाही. आता माझं पातेलं रिकामं करा."

पातेल्यात रिठ्याचं पाणी होतं आणि त्या पाण्यात एक लहानशी काळी रेकॉर्ड. नंदकिशोर तिला जुन्या बनियनने इतक्या हळुवारपणे पुसत होता की रत्नप्रभाने मान दुसरीकडे वळवली. दोन्ही मुलांच्या आंघोळी तिने एकटीने घातल्या होत्या.

रेकॉर्ड यवतमाळच्या भंगारवाल्याकडे मिळाली होती. तिकडे एका जुन्या कापूस कंपनीच्या मॅनेजरचा बंगला पडला आणि माळ्यावरचं सामान वजनावर विकलं गेलं. या मुलखात कापसामागे साहेब आला, साहेबामागे ग्रामोफोन आला. पुढे साहेब गेला, मग कापसाची पाळी आली, आणि आता ग्रामोफोनच्या रेकॉर्डी निघाल्या होत्या. नंदकिशोरने गठ्ठा उचलला तेव्हा भंगारवाला म्हणाला, "घड्याळं बनवता का याची? लोकं बनवते." गठ्ठ्यातली पियानोची मोठी रेकॉर्ड उन्हाने पापडासारखी वळली होती. ट्रम्पेटच्या रेकॉर्डवर सुई एका जागी अडकून तेच तेच म्हणायची, पुढाऱ्याच्या भाषणासारखं. तिसरी ही लहान. हिच्या मधल्या कागदावर काय लिहिलं होतं ते वाळवीला ठाऊक. वाजवणाऱ्याचं नाव, गाण्याचं नाव, बाकीचा सगळा मजकूर तिने खाल्ला होता.

त्याने रेकॉर्ड वाळवली आणि प्लेअरवर ठेवली. प्लेअर जुना. त्याचा वेगाचा खटका सैल होऊन घसरायचा, म्हणून नंदकिशोरने तो फार वर्षांपूर्वी चिकटपट्टी लावून एका जागी पक्का केला होता. सुई खाली टेकली.

एक सॅक्सोफोन होता. मागे ड्रमचा ठोका, दमलेल्या माणसाच्या पावलासारखा. सूर इतके जड की एकेक उचलून ठेवल्यासारखा वाटावा. आणि अगदी शेवटी, वाजवणं संपल्यावर, कोणीतरी खोल आवाजात कण्हत होतं.

नंदकिशोरचे डोळे भरून आले.

"कोण गेलं?" रत्नप्रभाने आतून विचारलं.

"कोणी नाही. तुला नाही समजायचं ते."

"बरं," ती म्हणाली आणि कुकर लावला.

नंदकिशोर सहकारी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हेडक्लार्क होता. जिनिंग दोन हंगाम बंद होती. कापूस गावावरून जायचा, पण आत यायचा नाही. जो यायचा त्याला भाव नव्हता. हेडक्लार्कचं काम मात्र चालू होतं, कारण बंद जिनिंगलाही कुलूप उघडून आत बसणारा माणूस लागतो. दुपारी तो रुईच्या रिकाम्या गोदामात जाऊन सॅक्सोफोन वाजवायचा. वाद्य बबनराव बँडवाल्याकडचं, जुनं, दोन ठिकाणी डाक दिलेलं. गोदामाच्या भिंतींना अजून रुईचे पुंजके चिकटून होते. लांब सूर लावला की एखादा सुटून अलगद खाली यायचा. नंदकिशोर ती दाद समजायचा.

त्या लहान रेकॉर्डवरचा तुकडा त्याने तिथेच बसवला. पहिल्या सुरापासून शेवटच्या कण्हण्यापर्यंत. कण्हणंही त्याने वाद्यातूनच काढलं होतं, आणि ते आपल्याला जमलं हे त्याला स्वतःला माहीत होतं. दुसऱ्या कोणाला ते माहीत असण्याचं कारणच नव्हतं. पन्नाशी उलटली तरी त्याचं वाजवणं भिंतींपलीकडे कोणी ऐकलेलं नव्हतं. आपल्याला एकदा, एकदाच, उघड्यावर, माणसांपुढे वाजवता यावं, एवढीच त्याची इच्छा होती. ती त्याने कोणाजवळ बोलून दाखवली नव्हती, कारण ऐकणाऱ्याने 'कशाले?' म्हणून विचारलं असतं.

अशा वेळी बबनराव लुनावरून जिनिंगच्या फाटकाशी उतरला.

"साहेब, तुमचं थे पोंपों चालू हाये न अजून?"

"सॅक्सोफोन म्हणतात त्याला, बबनराव."

"मीच विकला तुमाले. मले नका शिकवू." बबनरावने गमछाने मान पुसली. "आमचा सॅक्सवाला गेला सुरतेले, साडीच्या मिलमंदी. अन् डोंगरसिंग नायकाच्या पोराचं लगन हाये बंजाऱ्यायच्या तांड्यावर. औंदा लग्नंच नाई. साऱ्यायचे सामूहिक होऊन राह्यले. हे एक सापडलं, थे मी काहून सोडू? चाला एका दिवसासाठी."

"मी? बँडमध्ये?"

"मांगच्या लाइनीत. तुमाले कोण पाह्यते तिथं."

रत्नप्रभाला हे कळलं. ती म्हणाली, "लाल कोट घालाल?"

"घालावा लागेल."

"ऑफिसातले पाहतील."

"ऑफिस बंद आहे."

"हो, तेही खरंच," ती म्हणाली. "केतकीला फोनवर सांगू नका. तिच्या मैत्रिणी असतात बाजूला." केतकी म्हणजे त्यांची धाकटी, पुण्याला शिकायला होती.

लग्नाच्या दिवशी टेम्पोत सगळा बँड दाटीवाटीने बसला होता. नंदकिशोरचा कोट आधीच्या सॅक्सवाल्याचा, म्हणजे बारीक माणसाचा. वरची दोन बटणं लागत नव्हती. बबनराव पुढच्या बाजूने मागे वळला आणि म्हणाला, "ऐका रे. मारुतीपासून वरात निघन. वाटेत मानीबाईचं घर हाये. तिचा पोरगा बादल, गेल्या हप्त्यात गेला."

कसा गेला, हे कोणी विचारलं नाही. त्या वर्षी तसं विचारायची पद्धत नव्हती.

"गोत येगळं हाये, म्हणून लग्नाले सुतक नाई," बबनराव म्हणाला. "पण नायक सोता गेलता तिच्याकडं. थे म्हणे, लगन नका थांबवू, पण माह्या दारापुढं वाजवू नका. नायकानं शब्द देल्ला. तं घर आलं का मी हात वर करीन. हात दिसला का चूप. निंबाचं झाड गेलं का मंग पुन्हा सुरू. समजलं?"

सगळ्यांनी माना हलवल्या. नंदकिशोरनेही हलवली. सॅक्सोफोनची पत्ती भिजवायला त्याने ती तोंडात धरली होती, आणि तोंडात पत्ती धरलेला माणूस कशालाही मान हलवतो.

"अन् साहेब," बबनराव म्हणाला, "डोळे उघडे ठेवजा. रस्ता खराब हाये."

सुतकाच्या घरापुढे बँड थांबवायचा, हे नंदकिशोरला काही नवीन नव्हतं. त्याच्या स्वतःच्या वरातीचा बँड दोन घरांपुढे थांबला होता. उद्या कोणी परीक्षेत विचारलं असतं तरी त्याने बरोबर उत्तर लिहिलं असतं.

वरात निघाली तेव्हा उन्हं उतरत होती. नवरदेव घोडीवर, पुढे पोरं नाचतायत, बायांच्या ओढण्यांवरच्या आरशांत ऊन तुटतंय. बँड सिनेमातली गाणी वाजवत होता. नंदकिशोरच्या वाट्याला मागच्या ओळीत तीन सूर आले होते, ते तो आलटून पालटून देत होता. पण आज उघड्यावर होता तो. माणसं होती. आणि माणसं नाचत होती, अगदी त्याच्यामुळे नसली तरी. त्याने डोळे मिटले. खड्डा आला तर पायाला कळेल, एवढा विश्वास त्याने पायावर टाकला.

आता जॅझमधली एक रीत सांगायला हवी. सगळे मिळून वाजवत असताना एका क्षणी बाकीचे एकदम थांबतात. ते थांबणं म्हणजे एकाला दिलेली जागा असते. बाकीचे म्हणतात, बोल बाबा, आता तुझं तू बोल. नंदकिशोरने ही जागा हजार वेळा ऐकली होती. घरी खुर्चीत बसून बोटं हलवत तो त्या जागेत कितीदा तरी शिरला होता.

आणि ती जागा आली. ढोल थांबला, ताशा थांबला, बबनरावची क्लॅरिनेट थांबली. पोरांचं ओरडणंही थांबलं. मिटल्या डोळ्यांपुढे नुसती स्वच्छ, मोठी शांतता.

नंदकिशोर तिच्यात शिरला.

त्याने गोदामातला तुकडा धरला. पहिला सूर लांब, जड, एका बाजूने थोडा फाटलेला. मग दुसरा. शांतता त्याला धरून होती; कोणी खोकलंही नाही. आपण इतकं चांगलं कधी वाजवलं नव्हतं, हे त्याला वाजवतानाच कळत होतं. ही माणसं, ही साधी, रापलेली माणसं, अशी ऐकतायत, याचा त्याला गहिवर आला आणि तो गहिवर त्याने पुढच्या सुरात घातला. वरात चालत होती की थांबली होती हे त्याला माहीत नव्हतं. पाय थांबले होते. कण्हण्यापर्यंत तो पोचला आणि तेही त्याने नीट, सावकाश काढलं.

मग सॅक्सोफोनच्या तोंडावर कोणीतरी हात ठेवला.

त्याने डोळे उघडले. हात बबनरावचा होता. बबनराव त्याच्याकडे पाहत नव्हता. खरं तर कोणीच त्याच्याकडे पाहत नव्हतं. सगळे जमिनीकडे पाहत होते, घोडी सोडून. समोर कुडाचं घर होतं. भिंतीला बाज उभी करून ठेवलेली. दारात एक म्हातारी बाई उभी होती. तिने नंदकिशोरकडे पाहिलं, त्याच्या लाल कोटाकडे पाहिलं, ओढणी तोंडावर ओढली आणि आत जाऊन दार लावलं.

कडुनिंबाचं झाड अजून दहा पावलं पुढे होतं.

"साहेब," बबनराव हळूच म्हणाला, "मयताचं घर होतं न."

तांड्याचा नायक डोंगरसिंग पुढून चालत आला. नंदकिशोरला काही बोलला नाही, कारण तो त्याच्या लेखी बँडवाला होता आणि बँडवाल्याशी मालकाकरवीच बोलायचं असतं. "मास्तर," तो बबनरावला म्हणाला, "माणूस बहिरा हाये का तुमचा? मी शब्द देल्ता याडीले."

तांड्यात मानीबाईला सगळे याडी म्हणायचे. याडी म्हणजे आई.

नंदकिशोर जेवायला थांबला नाही. कोट घडी घालून टेम्पोत ठेवला आणि बनियनवर मोठ्या रस्त्यापर्यंत चालत आला. घरी पोचला तेव्हा रत्नप्रभा दारातच होती. बातमी त्याच्याआधी आली होती.

"वाजवलं म्हणे तुम्ही. मानीबाईच्या दारात."

"डोळे मिटलेले होते माझे."

"काहून?"

 रेकॉर्डच्या कव्हरवरच्या फोटोंत सगळे थोर लोक डोळे मिटून वाजवतात, हे तिला सांगण्यासारखं नव्हतं.

पुढचे काही दिवस नंदकिशोर जिनिंगमध्ये जायचा आणि गोदामाकडे फिरकायचा नाही. चहाच्या टपरीवर त्याला पाहून बोलणं थांबायचं, मग हवापाण्याचं सुरू व्हायचं. कोणी त्याला काही म्हणालं असतं तर बरं झालं असतं. पण घाटंजीत हेडक्लार्कला कोणी तोंडावर बोलत नाही. त्याची मान आपोआप खाली राहू लागली, आणि रस्त्यातले सगळे खड्डे त्याला आता व्यवस्थित दिसू लागले.

शेवटी रत्नप्रभानेच पिशवीत साखर आणि चहापत्ती भरून त्याच्या हातात दिली. "जा. पाया पडा आणि म्हणा चूक झाली. लांबण लावू नका. तिला तुमचं संगीत समजावून सांगायला बसाल, तसं करू नका."

"नाही."

"सरळ म्हणा, माझं लक्ष नव्हतं."

"तसंच म्हणतो."

तांड्यापर्यंतच्या वाटेवर त्याने ते वाक्य पाठ केलं. याडी, माझं लक्ष नव्हतं. वाक्य लहान होतं आणि खरं होतं.

मानीबाई अंगणात बसली होती. बादलची बायको उज्ज्वला कोपऱ्यात भांडी घासत होती. बादलचा बाप बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि मधूनमधून कण्हत होता. नंदकिशोरने पिशवी खाली ठेवली. वाकला.

"तूच न रे तो?" मानीबाई म्हणाली. "लाल कोटवाला?"

"हो. याडी, ते त्या दिवशी..."

"बस."

तो बसला. त्याचं वाक्य तोंडात तयार होतं.

"मी नायकाले सांगतलं होतं, माह्या दारापुढं वाजवू नका," मानीबाई म्हणाली. "त्यायनं नाई वाजवलं. सारे कसे गेले माहीत हाये? पाय दाबून. चोर जाते तसे. आता सारेच असे जाते या घरापुढून. बोलणं बंद करते, मंग निंबापाशी गेले का बोलते. परवा मोठे लोकं आले, फोटो काढून गेले, थेबी हळूहळू बोलत. माह्या पोराचं नाव कोणी जोरानं घेत नाई, भाऊ. जसं काई त्यानंच चोरी केली." ती थांबली. "तू एकटा थांबला नाई. पुरं वाजवून राह्यला. मले पहिले राग आला. दार लावलं मी. मंग आतून ऐकलं."

उज्ज्वलाचा घासायचा आवाज बंद झाला होता.

"तू जाणून वाजवलं न?" मानीबाईने विचारलं.

वाक्य अजून तोंडात होतं. याडी, माझं लक्ष नव्हतं. तीन-चार शब्द, त्यात अवघड एकही नाही. नंदकिशोरने तिच्याकडे पाहिलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्याचं वाजवणं पूर्ण ऐकलं होतं.

"हो," तो म्हणाला.

मानीबाईने मान हलवली. "कोण्या गाण्याचं होतं थे?"

इथे तरी थांबायचं. पण एकदा खोटं बोललेला शिकलेला माणूस पुढे माहिती द्यायला लागतो. "परदेशातलं आहे," नंदकिशोर म्हणाला. "दुःखाचं. तिकडे कापूस वेचणारे गरीब लोक होते, त्यांच्या गाण्यांतून हे संगीत आलं."

"तिकडंबी कापूस होते?"

"होतो."

"भाव काय भेटते?"

नंदकिशोर हेडक्लार्क असल्यामुळे त्याला हे माहीत होतं. "भाव कमी असला तर तिकडचं सरकार वरून भरून देतं."

"मंग कायले रडते?" मानीबाई म्हणाली. तिने थोडा विचार केला. "पह्यलेचं असन."

"हो. पूर्वीचं."

"शेवटी तो आवाज होता. माणसावानी."

"तो वाजवणारा कण्हतो. रेकॉर्डमध्ये तसंच आहे."

मानीबाईने बाजेकडे पाहिलं. "याच्यावानी," ती म्हणाली. मग उठता उठता, जसं काही साखर कुठे ठेवायची हे सांगावं तसं म्हणाली, "तेरवीले ये. बादलसाठी वाजव. लपूनछपून नोको. जोरानं वाजव."

घरी रत्नप्रभाने विचारलं, "म्हणालात?"

"म्हणालो."

"काय म्हणाली?"

"तेरवीला बोलावलंय. वाजवायला."

रत्नप्रभाने त्याच्याकडे पाहिलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात बायकोला जे कळतं ते तिला कळलं असावं. "तुम्ही नक्की काय म्हणालात?" तिने विचारलं. तो हात धुवायला गेला.

तेराव्या दिवशी, तेरवीला, सगळा तांडा होता. नायक डोंगरसिंगने स्वतः त्याला खुर्ची दिली आणि या खेपेला सरळ त्याच्याशीच बोलला. बबनराव आला होता, साध्या कपड्यांत, आणि त्याच्या तोंडावर आदर आणि संशय असे दोन्ही भाव होते. नंदकिशोरने डोळे उघडे ठेवून वाजवलं. त्यामुळे त्याला सगळं दिसलं. बादलचा बाप बाजेवर उठून बसला ते दिसलं. उज्ज्वलाने इतके दिवस जे केलं नव्हतं ते केलं, म्हणजे मोठ्याने हंबरडा फोडला, आणि बाया तिला धरून सूर लावून रडल्या. मानीबाई ताठ बसून होती आणि मोठ्याने, सगळ्या वस्तीला ऐकू जावं असं, पोराचं नाव घेत होती. शेवटचं कण्हणं नंदकिशोरने काढलं तेव्हा पुरुषांनीही गमछे तोंडाला लावले.

परत निघताना मानीबाईने त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. नंदकिशोरला त्या वेळी कुठेतरी खोल, रिकाम्या विहिरीत जाऊन बसावंसं वाटलं. बबनराव लुनावर मागे बसवून त्याला घरी घेऊन आला. वाटेत एकदाच बोलला.

"साहेब, तुमाले हात दिसला नव्हता न माहा?"

नंदकिशोरने सॅक्सोफोन पोटाशी धरला.

"जाऊ द्या," बबनराव म्हणाला. "मी कोणाले सांगत नाई."

मे महिन्यात केतकी सुटीला आली. गावात बाबांचं नाव झालंय हे तिने बसस्टँडवरच ऐकलं होतं. घरी आल्या आल्या तिने विचारलं, "बाबा, ते कोणतं तेरवीत वाजवलंत? मला ऐकवा न." नंदकिशोर नको नको म्हणत होता, तोवर तिने कपाटातून प्लेअर काढला, रेकॉर्ड काढली, उलटसुलट करून पाहिली आणि प्लेअरच्या बाजूची चिकटपट्टी नखाने खरवडायला लागली.

"ते काढू नको. खटका घसरतो."

"पण ही तेहेतीसच्या स्पीडवर का लावता? लहान रेकॉर्ड पंचेचाळीसची असते न, बाबा, जास्त जोरात फिरते. माझ्या रूममेटच्या आजोबांकडे आहेत."

"सगळ्या नसतात. ही तेहेतीसची आहे. मी ऐकलीय."

"पाहू तर," केतकी म्हणाली आणि खटका सरकवला.

घरभर नाच सुरू झाला. सॅक्सोफोन उड्या मारत होता, ड्रम त्याच्या मागे धावत होता. एखाद्या क्लबात शनिवारी संध्याकाळी साहेब लोक मडमांना गरगर फिरवत असतील, तसलं काहीतरी. सगळे सूर तेच होते, फक्त वरच्या पट्टीत, त्याच क्रमाने. नंदकिशोरला प्रत्येक सूर पाठ होता.

रत्नप्रभा पोळपाट हातात घेऊन दारात आली. कधी नव्हे तो तिचा पाय ठेका धरत होता.

"हे बरं आहे की," ती म्हणाली. "लग्नात हे वाजवायचं."

नंदकिशोरने हात पुढे केला, पण रेकॉर्ड लहान होती आणि तोवर संपतच आली होती. शेवटी तो माणूस कण्हत नव्हता. हसत होता.